ट्रॅकवर दर वेळी डाव्या पुढच्या टायरचीच कड खाल्ली जाते? साइज वाढवायच्या आधी हे बघा

ज्याची गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि जो ती ट्रॅकवर नेतो त्याला कधी ना कधी हा त्रास होतोच, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. लक्षण असं की चार-पाच सेशन झाले की पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेला पार सोलून निघतो, मधला भाग आणि आतली कड बघितली तर जवळपास नव्यासारखी, आणि गाडी वळणात नाकाने सरळ जायला लागते, म्हणजे अंडरस्टिअर. मग नवीन टायर, पुन्हा ट्रॅक, पुन्हा तेच. माझे असे तीन जोड गेले. आणि उपाय म्हणून मी कधी हवा तर कधी साइज बदलत बसलो, तिथेच चुकत होतो.

गाडी स्विफ्ट, १.२ पेट्रोल, कंपनीची टायर साइज १८५/६५ आर१५, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. रोज ऑफिसला हीच आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकला पण हीच. तो ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा, आणि घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजवी वळणं जास्त, आणि उजव्या वळणात सगळा भार डाव्या बाजूवर येतो, त्यात पुढच्या चाकालाच ब्रेक पण जास्त लागायचा, वळायचं पण त्यानेच आणि ओढायचं पण त्यानेच. त्यामुळे डावा पुढचा आधी जाणार हे ठरलेलंच आहे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पण त्याच दिशेने फिरतो, तिथेही हेच दिसतं. डावा आधी झिजतो हा बिघाड नाही. एकच कड झिजते हा बिघाड आहे. हे दोन वेगळे धरा.

आता मी काय काय करून बसलो ते सांगतो, कारण बरेच जण याच रस्त्याने जातात.

पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की ट्रॅकवर हवा कमी ठेवायची, पकड वाढते. मी सकाळी थंड टायरमध्ये २६ पीएसआय ठेवली. पासष्ट सिरीजचा टायर म्हणजे साइडवॉल १२० मिलिमीटर, उंच आणि मऊ, त्यात हवा कमी, मग वळणात टायर अक्षरशः कुशीवर झोपतो आणि ट्रेड सोडून साइडवॉलची वरची पट्टी रस्त्याला लागते. दुपारपर्यंत कड गेली. आधीच कमी ठेवायचा सल्ला रेसिंगच्या ताठ टायरवाल्यांचा असतो, तो आपल्या रोजच्या टायरला जसाच्या तसा लावायचा नाही.

दुसऱ्यांदा ठरवलं की टायर बारीक आहे, रुंद टाकू. २०५/४५ आर१७ टाकले, रिम १७ इंची, साडेसात जे (म्हणजे रुंदी साडेसात इंच), ईटी ३५ (म्हणजे रिम हबवर टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून ३५ मिलिमीटर बाहेर). दिसायला गाडी एकदम भारी झाली. पण ट्रॅकवर पहिल्याच सेशनमध्ये वळणात घर्र घर्र आवाज, पिटला येऊन बघितलं तर मडगार्डची आतली कड टायरला लागून टायरच्या खांद्यावर गोल कट पडलेला आणि फेंडर लायनरचं प्लास्टिक घासून पांढरं झालेलं. आणि इतकं करून बाहेरची कड? तशीच सोललेली! वर परत येताना हुबळीच्या अलीकडे एका खड्ड्यात रिमला बाक आला आणि टायरला फुगा, तो खर्च वेगळाच.

रुंद टायरने कड का वाचली नाही हे मला नंतर कळलं. वळणात बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते, तिच्याबरोबर चाकाचा वरचा भाग पण बाहेर झुकतो. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकाच नळकांड्यात आणि चाक त्यालाच जोडलेलं, आणि या रचनेत बॉडी जितकी झुकते तितकं चाक सरळ राहत नाही. आता एक पुस्तक टेबलावर उभं धरा आणि थोडं तिरकं करा, ते एकाच कडेवर उभं राहील, पुस्तक जाड घेतलं तरी कडेवरच उभं राहणार, उलट जाड पुस्तकाची दुसरी कड अजून वर उचलली जाणार. टायरचं पण तेच झालं. २० मिलिमीटर रुंदी वाढली ती सगळी आतल्या बाजूला हवेत, काम करणारी कड तेवढीच.

म्हणजे साइज ठरवायच्या आधी टायर रस्त्यावर सपाट बसतोय का ते बघायचं. त्यासाठी फार काही लागत नाही.

शाळेतला साधा पांढरा खडू घ्या. सेशनच्या आधी पुढच्या दोन्ही टायरवर ट्रेडपासून खांद्यावरून खाली साइडवॉलपर्यंत चार-पाच ठिकाणी उभ्या रेघा ओढा, जाडसर. बऱ्याच टायरवर खांद्याजवळ एक छोटा त्रिकोण असतो, निर्मात्याने झिजेची खूण दाखवायला दिलेला, तो शोधून ठेवा. तीन-चार लॅप मारा, आत या, वाकून बघा. खडू जिथपर्यंत पुसला तिथपर्यंत टायर रस्त्याला लागला. पुसलेली रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत आली असेल तर ठीक. त्रिकोण ओलांडून खाली साइडवॉलवर गेली तर टायर लोळतोय, हवा कमी पडतेय. टोकाच्या बरीच वर थांबली तर हवा जास्त आहे, २ पीएसआय सोडा आणि पुन्हा बघा. माझा खडू त्या पहिल्या जोडीला त्रिकोणाच्या खाली चांगला बोटभर पुसलेला निघाला असता, पण तेव्हा हे माहीतच नव्हतं.

दुसरं, टायरचं तापमान, आणि ते सुई टोचायच्या थर्मामीटरने. लांबून लाल ठिपका मारायची गन असते ती फक्त वरचा पापुद्रा मोजते आणि पिटमध्ये येईपर्यंत तो थंड झालेला असतो. सुई रबरात जरा आत टोचायची, बाहेरची कड, मध्य, आतली कड, तीन आकडे, गाडी थांबल्या थांबल्या. सतरा इंचीवर माझे आकडे होते बाहेर ९२, मध्ये ८४, आत ६८ अंश. बाहेर आणि आत यांच्यात २४ अंशांचा फरक, म्हणजे आतला भाग कामच करत नव्हता. मध्य दोन्हीपेक्षा गरम आला तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड तर हवा कमी, आणि एकीकडून दुसरीकडे सरळ उतार असेल तर तो कॅम्बरचा प्रश्न. माझा सरळ उतार होता.

कॅम्बर म्हणजे चाक समोरून बघितल्यावर वरून आत किंवा बाहेर किती कललंय ते. कंपनीतून माझ्या गाडीला जवळपास शून्यच होता, रोजच्या वापराला बरोबरच आहे ते. ट्रॅकला चाकाचा वरचा भाग आत कललेला हवा, म्हणजे वळणात बॉडी झुकली की चाक सरळ होतं. स्विफ्टचा स्ट्रट खाली नकलला (ज्या लोखंडी भागावर चाकाचा हब बसतो तो) दोन बोल्टने बसतो, त्यामुळे वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालता येतो. तो एका बाजूला फुगीर असतो, फिरवला की नकल आत-बाहेर सरकतं. मी अलाइनमेंटवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, फक्त टो होतो." त्याचं बरोबर होतं, कंपनीच्या बोल्टवर नाहीच होत. बोल्ट मी सोबत नेले होते, ते दाखवले, मग त्याने स्वतः हौसेने मशीनवर उभं राहून डावीकडे उणे १.६ आणि उजवीकडे उणे १.५ करून दिला. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत ते; कॅम्बर हलवला की टो आपोआप बिघडतो, म्हणून शेवटी टो पुन्हा सेट करायचाच, मी शून्य ठेवला. आणि बोल्ट घट्ट झाल्यावर नकल आणि स्ट्रटवरून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून घ्या, बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. दर ट्रॅक डेच्या सकाळी मी आधी ती रेघ बघतो.

हे झाल्यावर कुठे साइजचा प्रश्न खरा सुरू होतो, आणि इथे माझं ठाम मत आहे की आधी टायर ठरवा, मग त्याला रिम शोधा. लोक उलट करतात, आधी आवडलेली रिम घेतात आणि मग तिच्यावर जे मिळेल ते रबर चढवतात.

टायर आधी का, तर आपल्याकडे चांगलं रबर कुठल्या साइजमध्ये मिळतं हाच खरा अडसर आहे. बाहेरच्या देशातले तक्ते बघून लोक २०५/५० आर१५ सेमी-स्लिकच्या (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे मऊ रबराचे टायर) मागे लागतात. पण १२ जून २०२० ला सरकारने नवीन टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि वर आयएसआय मार्क लागतो तो वेगळा. म्हणून आधी दुकानात दोन-चार फोन फिरवून बघा की कुठल्या साइजमध्ये चांगला टायर हातात मिळतोय. तारीख पण विचारा. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तीन वर्षं गोडाऊनला पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी ट्रॅकसाठी घेऊ नका, रबर कडक झालेलं असतं.

स्विफ्टला माझ्या मते तीनच साइज विचार करण्यासारख्या आहेत. हिशोब सोपा आहे, रिम इंचात गुणिले २५.४, अधिक साइडवॉल दोनदा. कंपनीची १८५/६५ आर१५ म्हणजे ३८१ अधिक २४०.५, साधारण ६२१.५ मिलिमीटर व्यास.

१९५/६० आर१५ चा व्यास ६१५, फरक एक टक्का, काहीच कळत नाही. एकच सेट रोजच्याला पण आणि ट्रॅकला पण ठेवायचा असेल तर हीच घ्या.

१९५/५५ आर१६ चा ६२१, म्हणजे कंपनीशी जवळपास तंतोतंत. ही साइज बलेनो आणि आय२० च्या वरच्या मॉडेलला येते त्यामुळे कुठल्याही दुकानात सहज मिळते. आणि दोन्ही गाड्यांचा पीसीडी ४x१०० (चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५४.१, स्विफ्टसारखंच, म्हणून त्यांच्या कंपनीच्या सोळा इंची रिमा जुन्या बाजारात शोधल्या तर हब रिंगची (भोक मोठं असेल तर मधली जागा भरणारी रिंग) भानगड न करता बसतात. नट मात्र आपल्या गाडीचेच वापरायचे, सुझुकीची चुडी (आट्यांमधलं अंतर) १.२५ मिलिमीटर आणि ह्युंदाईची १.५, चुकीचा नट एक-दोन फेरे जातो आणि मग स्टडची चुडी खातो.

तिसरी १९५/५५ आर१५, व्यास ५९५.५, म्हणजे चार टक्क्यांहून जरा जास्त लहान. मी शेवटी हीच घेतली, फक्त ट्रॅकसाठी दुसरा सेट म्हणून. गाडी १३ मिलिमीटर खाली बसते, साइडवॉल १२० वरून १०७ वर येते त्यामुळे लोळणं कमी होतं, आणि गिअरिंग तेवढंच आखूड होतं, आपल्या छोट्या इंजिनला वळणातून निघताना ते चांगलं जाणवतं. तोटा असा की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, लांब सरळ भागात एक गिअर लवकर टाकावा लागतो, आणि स्टेपनी कंपनीच्या मापाची असेल तर ती पुढे लावून लांब जायचं नाही, दोन्ही पुढच्या चाकांचा व्यास वेगळा झाला तर डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत ताण येतो. पुढे पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका, एवढं एक वाक्य पुरे.

रिमची रुंदी. १९५/५५ आर१५ ला साडेपाच ते सात इंच चालते. साडेपाचवर टायर बसतो पण साइडवॉल बाहेर फुगलेली राहते आणि वळणात हलते, साडेसहावर साइडवॉल सरळ उभी राहते आणि स्टिअरिंग हलवल्या हलवल्या नाक वळतं. मला विचाराल तर टायर १० मिलिमीटर रुंद करण्यापेक्षा तोच टायर एक इंच रुंद रिमवर बसवला तर ट्रॅकवर जास्त फरक पडतो. सातपर्यंत जाता येतं, पण मग आत-बाहेर जागा बघावी लागते.

ही जागा बघायचा हिशोब दुकानदार करत नाही, आपणच करायचा. रिमची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, अर्धी करा, त्यातून ईटीचा आकडा वजा केला की हबपासून बाहेर किती आणि मिळवला की आत किती. माझी सतरा इंची साडेसात जे ईटी ३५, अर्धे ९५.२५, बाहेर ६०.२५ आणि आत १३०.२५. आताची पंधरा इंची साडेसहा जे ईटी ४०, अर्धे ८२.५५, बाहेर ४२.५५ आणि आत १२२.५५. म्हणजे ती सतरा इंची रिम आताच्यापेक्षा पावणेदोन सेंटिमीटर जास्त बाहेर होती! मडगार्डला घासणारच होती, आणि दुकानात मला एवढंच सांगितलं गेलं होतं की "आरामात बसते". बसते म्हणजे गाडी उभी असताना बसते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून, मागे चार माणसं बसवून, आणि मग वळणात काय होईल ते धरून जागा मोजायची असते. आत स्ट्रटच्या नळकांड्यापासून टायरपर्यंत निदान करंगळी जावी एवढी जागा ठेवा, आणि हो, कॅम्बर उणे केला की चाकाचा वरचा भाग आत सरकतो, तेव्हा कॅम्बर आधी करा आणि रिम नंतर मोजा.

बाहेरच्या रिमांचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, ७३.१ वगैरे, त्यात हब रिंग बसवतात. प्लास्टिकची रिंग ट्रॅकच्या ब्रेकच्या गरमीने मऊ पडते, माझी एक काढताना हातात वाकडी आली. ॲल्युमिनियमची घ्या.

वजन. दोन्ही चाकं टायरसकट मी भंगारवाल्याच्या काट्यावर टाकून बघितली, खास त्यासाठी गेलो. सतरा इंची १९ किलो ४००, पंधरा इंची १४ किलो २००. एका चाकामागे पाच किलो, चारला वीस, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि फिरणारं. गाडी स्वतः नऊशे किलोच्या आतली. ब्रेक दाबला की हे वजन पण थांबवावं लागतं आणि वेग घेताना पण फिरवावं लागतं, आणि ट्रॅकवरच्या छोट्या उंचवट्यांवर जड चाक उडतं, हलकं चाक रस्ता धरून राहतं. ब्रेक कंपनीचेच असतील तर पंधराच्या वर जायचं कारणच नाही. मोठे कॅलिपर बसवलेत तर मात्र त्यांना जागा पुरते का ते बघून मगच.

पुण्याहून चेन्नई अकराशे किलोमीटरच्या वर आहे पण रस्ता सरळ, एनएच ४८ पुण्यातून जातो तोच पुढे बेंगळुरूवरून त्या ट्रॅकच्या दाराशी जातो. मी कंपनीच्या चाकांवर जातो आणि पंधरा इंची सेट मागची सीट पाडून आत, खाली जुनी चादर. सतरा इंची चार चाकं टाकायला गेलो तर डिकीचं दार नीट लागेना.

हवा. थंड असताना पुढे ३० आणि मागे ३२ ने सुरू करतो. चेन्नईच्या उन्हात चार लॅपमध्ये सहा-सात पीएसआय सहज चढते, म्हणून पहिल्या सेशननंतर गरम टायरमध्येच मोजायची आणि पुढे ३६ वर आणून ठेवायची. हा माझ्या गाडीचा आणि माझ्या टायरचा आकडा आहे, तुमचा खडू सांगेल तो तुमचा. संध्याकाळी निघताना हवा पुन्हा भरायला विसरू नका, टायर गार झाले की गरम असताना सोडलेली हवा कमी पडते आणि तसंच हायवेला लागायचं नाही. स्वतःचं गेज ठेवा, पंपावरच्या आणि आपल्यात मला ३ पीएसआयचा फरक मिळालाय.

आता आकडे. उणे १.६ कॅम्बर, १९५/५५ आर१५, साडेसहा इंची रिम, गरम ३६. सुईने बाहेर ८४, मध्ये ८१, आत ७९. खडू त्रिकोणाच्या टोकावर. त्याच डाव्या पुढच्या टायरवर आता दोन ट्रॅक डे पूर्ण झालेत, डेप्थ गेजने बाहेरच्या कडेला आणि आतल्या कडेला एका मिलिमीटरच्या आतला फरक आहे. टायर पहिल्या जोडीपेक्षा फक्त १० मिलिमीटर रुंद आहे.

एवढं सगळं करून पण कड जात असेल तर दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे स्ट्रटचं वरचं माउंट किंवा खालच्या आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) खराब झालाय का बघा, तो ढिला असेल तर मशीनवरचा कॅम्बर वळणात राहतच नाही. दुसरी म्हणजे चालवणं. गाडी नाकाने सरळ जायला लागली की आपण घाबरून स्टिअरिंग अजून फिरवतो, तेव्हा टायर वळत नाही, फक्त आडवा घासतो, आणि कड तिथेच जाते. स्टिअरिंग जरा सोडायचं, ॲक्सलरेटर थोडा कमी करायचा, टायरला पुन्हा पकडू द्यायचं. मला शेजारी बसलेल्या एका अनुभवी माणसाने हे दोन लॅपमध्ये दाखवलं, आणि पुढच्याच सेशनला बाहेरच्या कडेचं तापमान चार अंशांनी उतरलं, गाडीला काहीही हात न लावता.

टायर फिरवताना, डावा पुढचा जास्त झिजला असेल आणि टायरला दिशेचा बाण नसेल तर तो उजव्या मागच्या बाजूला टाका. ज्याच्यावर बाहेरची बाजू लिहिलेली असते तो रिमवर उलटा चढवायचा नाही, तो तसाच बाजू बदलून लावा. चाकं बसवल्यावर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि प्रत्येक सेशननंतर चाक गार झालं की पुन्हा एकदा सगळे नट बघा, नवीन अलॉयला पहिल्या दिवशी माझे तीन नट पाव फेरा फिरले होते.

कुणी विचारणार असाल तर गाडीचं मॉडेल, रिमच्या मागे कोरलेला जे आणि ईटी, टायरची तारीख, गरम हवेचा आकडा आणि खडू पुसलेल्या टायरचा जवळून काढलेला फोटो एवढं द्या. नुसतं "कुठला साइज टाकू" विचारलंत तर मला खरंच काही सांगता येणार नाही.